फ्रिलवाल्याची शेपटी कोणी कापली

मी एक जुना, आखूड शेपटीचा फायटर मासा आहे. जुना अशासाठी, की माझ्या बरोबरीचे आता कोणी उरलेले नाही आणि अंगावरचा निळा रंगही विटला आहे. मित्रांनो, माझी कहाणी मी तुम्हांला सांगतो, पण जरा लांबूनच ऐका. काचेवर बोटाने टकटक करू नका. टकटक करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. गप्प उभे राहणाऱ्यांवरही फारसा नाही, पण ते निदान डोके तरी उठवत नाहीत.

हा संशयी स्वभाव मला जन्मापासूनचा आहे. मी जन्मलो बुडबुड्यांच्या घरट्यात. आमच्यात घरटे बाप बांधतो. तोंडाने चिकट बुडबुडे सोडून तो पाण्यावर फेसाचा थर करतो आणि एकेक अंडे त्यात नेऊन चिकटवतो. डोळे उघडल्यावर मी जगात पहिली गोष्ट पाहिली ती ही, की माझ्या बापाने माझ्या भावाला तोंडात घेतले. तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. भाऊ गेला, असे मी धरून चाललो. पण बाप वर गेला आणि त्याने भावाला अलगद फेसात परत सोडले. मग तो माझ्याकडे वळला. आम्हांला अजून पोहता येत नव्हते. आम्ही सारखे खाली घसरत होतो आणि तो आम्हांला उचलून उचलून जागेवर ठेवत होता. त्या साऱ्या काळात तो स्वतः उपाशी होता, हे मला पुढे कळले. त्या वेळी मात्र मी बापावर एक डोळा ठेवूनच वाढलो.

जरा मोठे झाल्यावर आम्हां भावाभावांची मजल एकमेकांच्या शेपट्या ओढण्यापर्यंत गेली. तेव्हा एका बाईने आम्हांला वाटीने उचलून वेगवेगळ्या बरण्यांत सोडले. बरणीत वाळलेले बदामाचे पान होते आणि पाणी त्या पानाने तपकिरी झाले होते. पानाखाली कोणी दडून बसले असेल म्हणून मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. पानाखाली कोणी नव्हते.

आमची खोली एका शिंप्याच्या दुकानामागे होती. पुढे दुकान, मध्ये बिनदाराची चौकट आणि मागे आम्ही. पूर्वी ही शिंप्याची कापड बेतायची खोली होती. लांब टेबलावर खडूच्या रेघा अजूनही दिसत. आम्हांला उचलणारी ती बाई म्हणजे शिंप्याची धाकटी बहीण. तिचा संसार मोडला आणि ती कायमची भावाकडे राहायला आली. मन रमावे म्हणून तिने एक मासा आणला. मग एकाचे दोन झाले, दोनाचे दहा झाले, आणि बघता बघता सगळे टेबल बरण्यांनी भरून गेले. शिंपी जमिनीवर बसून कापड बेतू लागला. कुरकुर करी, पण बरणी हलव असे त्याने तिला कधी म्हटले नाही. केस पिकू लागले तरी तो तिला छोटी म्हणे, म्हणून मीही छोटीच म्हणतो.

दोन बरण्यांच्या मध्ये एकेक पुठ्ठा उभा असे. शिंप्याच्या जुन्या मापांचे पुठ्ठे ते. एखादा बाहीचा, एखादा कॉलरचा. बाजूचा मासा दिसला की आम्ही कल्ले फुगवतो, पर ताणतो आणि काचेवर धडका देतो, म्हणून ही व्यवस्था. सकाळी छोटी थोडा वेळ पुठ्ठे काढी. त्याला ती आमचा व्यायाम म्हणे. तेवढ्यात सगळ्यांच्या शेपट्या पुऱ्या उघडत आणि छोटी हनुवटीला हात लावून पाहत राही. पुठ्ठा परत आला की मला जास्तच अस्वस्थ वाटे. शत्रू समोर असला तर तो काय करतो ते दिसते. पुठ्ठ्याआड त्याचे काय चालले आहे, कोण जाणे!

शेपट्यांचे सगळे प्रकार छोटीला पाठ होते. घरात नावे मात्र शिंप्याची चालत. सकाळी चहाचा कप घेऊन तो रांगेवरून फिरे. ज्याची लांब शेपटी मागे लोंबत असते त्या व्हेइलटेलला तो ‘पडदा’ म्हणे. क्राउनटेलच्या शेपटीतले पापुद्रे आखूड असतात आणि आतल्या काड्या दोऱ्यांसारख्या बाहेर राहतात. त्याला पाहून शिंप्याचे हात शिवशिवत.

“अगं, ह्याची कड उसवलीय. दे इकडे, दुमडून टीप मारतो,” तो म्हणे.

ज्याची शेपटी मधोमध दुभंगलेली, तो डबलटेल ‘चीरवाला’. ज्याचे छातीजवळचे पर पंख्याएवढे, तो ‘बाह्यावाला’. हाफमूनची शेपटी उघडली की बरोबर अर्धे वर्तुळ होते. त्याच्यासमोर शिंपी मान डोलावून “पुरा घेर” म्हणे. आणि मी? माझी शेपटी आखूड आणि गोलसर, आमच्या पाणथळातल्या पूर्वजांची होती तशी. जाणकार तिला प्लाकाट म्हणतात. शिंप्याने मला पाहिले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, “हा हाफचड्डी.” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ते नाव मला चिकटले ते चिकटलेच.

तरी माझाही एक काळ होता, मित्रांनो. माझी बरणी खिडकीजवळ असे. मी एका झेपेत डासाची अळी टिपतो हे पाहायला लोक येत. छोटी अभिमानाने सांगे, “ह्याच्याइतका चपळ कोणी नाही.” मग फ्रिलवाला जन्मला, आणि माझी बरणी टेबलाच्या टोकाला सरकली.

फ्रिलवाला आपोआप झाला नव्हता. छोटीने पुऱ्या घेराच्या पोरांतून सर्वांत जास्त घेराचा निवडला, त्याच्या पोरांतून त्याहून जास्त घेराचा निवडला, आणि असे करत करत ती ह्याच्यापर्यंत पोचली. अंग दुधी पांढरे, कडा लाल. शेपटीतल्या एकेका काडीला फांद्या, त्या फांद्यांना पुन्हा फांद्या, आणि सगळीकडे चुण्यांवर चुण्या. पाहणारे तोंडात बोटे घालत. शोभेच्या माशांचे प्रदर्शन जवळ आले होते आणि छोटीचे सारे मन ह्या एका माशात गुंतले होते. बाहेर तिला सगळे ‘शिंप्याची बहीण’ म्हणूनच ओळखत. एकदा पाणी बदलताना ती फ्रिलवाल्याला म्हणाली, “माझं स्वतःचं म्हणावं असं तू एकच आहेस.” ते ऐकून मला वाईट वाटले. मीही तिचाच होतो.

त्याच सुमारास शिंप्याचा पाय एका रिकाम्या बरणीला अडखळला. कापडाचा तागा हातात, पाण्याचा ओघळ पायाखाली. तो म्हणाला, “एक दिवस कात्री घेऊन बसतो आणि ह्या सगळ्यांचे घेर कमी करतो! सुरुवात फ्रिलवाल्यापासून!”

छोटी हसली. शिंपीही हसला. मी हसलो नाही. मी ते वाक्य लक्षात ठेवले.

आणि थोड्याच दिवसांत एका सकाळी छोटीने पुठ्ठे काढले तर फ्रिलवाल्याच्या शेपटीचा एक तुकडा गायब होता. आत अर्धगोल खाच दिसत होती, अगदी साफ.

छोटीने एका जाड चष्म्याच्या माणसाला बोलावले. मी त्याला चष्मेवाला म्हणतो. ह्याचे शोभेच्या माशांचे दुकान होते आणि फ्रिलवाल्याला प्रदर्शनात तोच नेणार होता. त्याने काचेला नाक लावले. हा माणूस मला कधीच आवडला नाही. त्याच्या बोटांना परक्या पाण्याचा वास येई.

“शेपटी कुजली तर कडा काळ्या पडतात,” तो म्हणाला. “कुठे अडकून फाटली तर चिंध्या होतात. हे तसलं काही नाही. हा काप आहे, ताई. साफ काप.”

“पण कापणार कोण?”

“ते मी कसं सांगू? कात्र्या तुमच्या घरात. माझ्या दुकानात एकही नाही.” एवढे बोलून त्याने चौकटीतून दिसणाऱ्या शिलाई मशीनकडे पाहिले आणि निघून गेला.

छोटीही मशीनकडेच बघत राहिली. शिंप्याचे ते वाक्य तिलाही आठवले असणार, हे मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखले. कुठेतरी पाणी मुरते आहे, असे तिला वाटू लागले. पाण्यातच राहणाऱ्या मला तर ते पहिल्या दिवसापासून वाटत होते.

दुसरी खाच पडली तेव्हा तिला राहवले नाही. ती चौकटीत जाऊन उभी राहिली.

“दादा, तू आत गेला होतास?”

“रोजच जातो. बटणांचा डबा तिथेच आहे ना.”

“फ्रिलवाल्याला हात लावलास?”

“मी? मला मासा धरता तरी येतो का? मला किळस येते, तुला माहितेय.”

“कात्रीने कापायला मासा धरावा लागत नाही.”

मशीन थांबले. शिंप्याने चष्मा कपाळावर सरकवला. “छोटे, कापडाच्या कात्रीला मी कागदसुद्धा लावत नाही. तू पिशवी कापायला मागितलीस तरी ओरडतो. ती मी पाण्यात बुडवीन?”

“तूच म्हणालास, घेर कमी करतो.”

“थट्टा केली गं.”

“आता थट्टा वाटत नाही मला. तुझी खोली गेली, टेबल गेलं, ते तुला डाचतंय. मग तोंडावर सांगायचं होतंस. त्या मुक्या जिवावर राग का काढलास?”

शिंप्याने हातातले कापड बाजूला ठेवले. मग हळूच म्हणाला, “तू एवढीशी होतीस तेव्हापासून तुझे केस मी कापतोय. कधी कानाला ओरखडा तरी आला का?”

छोटी भिंतीकडे वळली. भिंतीवर तीन खिळ्यांना तीन कात्र्या लटकत. कापडाची मोठी, पुठ्ठ्याची जुनी, आणि दोरा तोडायची लहान. तिन्ही तिने काढल्या, कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. शिंपी नुसता बघत राहिला. “ने,” एवढेच म्हणाला. कात्रीशिवाय शिंपी करणार काय? नवे कापड घेऊन येणाऱ्यांना तो सांगू लागला, “कात्र्या धारेला दिल्यात.” बहिणीने काढून घेतल्या, असे त्याने एकालाही सांगितले नाही.

त्यानंतर घरात बोलणे बंद झाले. जेवायचे ताट ती त्याच्यापुढे ठेवी आणि स्वतः मागच्या खोलीत येऊन जेवी. एकदाच ती म्हणाली, “प्रदर्शन झालं की मी माझी सोय दुसरीकडे बघते. मासे घेऊन जाईन. तुझं टेबल तुला मोकळं.”

“सगळे?” शिंप्याने विचारले.

“हाफचड्डी ठेव हवं तर. त्याला आता कोण विचारतंय.”

मित्रांनो, त्या दिवशी मी वर येऊन हवा घ्यायलाही विसरलो.

आता छडा लावणे मला भाग होते. मी कोणालाच सोडले नाही. शिंप्यावर संशय घेतला. चष्मेवाल्यावर घेतला. बाह्यावाल्याकडे एवढे मोठे पर आहेत, ते त्याने काचेवरून पलीकडे टाकले नसतील कशावरून? स्वतः छोटीवरही घेतला, पण पाणी बदलताना तिचे हात थरथरत होते आणि थरथरत्या हाताने इतका साफ काप होत नाही. ती फ्रिलवाल्याला कुठे गडबड नको म्हणून टेबलाच्या टोकाला, माझ्या शेजारी घेऊन आली. आमच्यामधला पुठ्ठा ती आता सकाळच्या व्यायामालाही काढत नसे. त्याला वरच्या बाजूला एक भोक होते, खिळ्याला टांगण्यासाठी पाडलेले. मी त्या भोकाला डोळा लावला आणि तिथेच मुक्काम ठोकला.

आम्ही फायटर मासे पाण्यातला श्वास पुरत नाही म्हणून वर येऊन हवा घेतो. मला त्यात काही विशेष वाटत नाही. एक वळसा, एक घोट, झाले. फ्रिलवाला मात्र वर निघाला की अर्ध्यावर थांबे. शेपटी खाली ओढी, तो पुन्हा जोर करी, कसाबसा घोटभर हवा घेई आणि तळाशी जाऊन पडे. मग तो मागे वळे. कुठे वळे, कशासाठी वळे, ते माझ्या भोकात मावत नव्हते. एकदा तो वळला आणि थोड्या वेळाने लाल कडेचा एक पापुद्रा तरंगत वर आला. मला घाम फुटायचा तेवढा बाकी राहिला. बरणीत दुसरे कोणीही नव्हते. मग कापतो कोण?

दुकानाची सुट्टी होती त्या दुपारी फ्रिलवाल्याच्या शेपटीत तिसरी खाच दिसली. कात्र्या कपाटात, किल्ली छोटीच्या खिशात, आणि तरीही काप. छोटीचा संशय उलट पक्का झाला. हा चौथी कात्री कुठेतरी लपवून बसला आहे! तिने रांगेतले सगळे पुठ्ठे काढून टाकले, म्हणजे कोणत्याही बरणीआड हात लपायला नको. मग स्टूल ओढून ती चौकटीत बसली. पहारा माशांवर, पण नजर मात्र समोर मशीनवर बसलेल्या भावाच्या हातांवर. शिंपी राहिलेल्या एका विजारीला टीप मारत होता आणि अधूनमधून बहिणीकडे बघत होता. दोघे एकमेकांना डोळ्यांत तेल घालून राखत होते, आणि आमच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

पुठ्ठे निघाल्यामुळे रांगेत नुसता दंगा उसळला होता. पडदा फुगला होता, चीरवाला धडका देत होता. माझ्यासमोर फ्रिलवाला पहिल्यांदाच पुरा दिसत होता. मीही कल्ले फुगवणार, तेवढ्यात त्याने शेपटी उघडली. एकदा उघडली, दुसऱ्यांदा अर्धीच उघडली, तिसऱ्यांदा उघडलीच नाही. तो हवेसाठी वर निघाला आणि शेपटीने त्याला खाली ओढले. तळाशी जाऊन तो धापा टाकू लागला. मग तो वळला. पार गोल वळला, स्वतःचीच शेपटी तोंडात धरली आणि अंगाला एक हिसडा दिला.

मी फुगलो नाही, मित्रांनो. साऱ्या जगाला कल्ले दाखवत आलेला मी तसाच थिजून राहिलो.

तिकडे शिंप्याची टीप संपली. सवयीने त्याचा हात खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा होता. त्याने विजार तोंडाशी नेली, दोरा दातांत धरला आणि कट्‌ करून तोडला.

छोटीने ते पाहिले. “दातांनी तोडतोस?”

“मग कशाने तोडू?” तो वर न बघता म्हणाला.

तिच्याच्याने त्याच्याकडे बघवेना. तिने मान वळवली आणि तिची नजर टेबलावर आली. सगळी रांग फुगलेली आणि टोकाला एकटा मी गप्प.

“हाफचड्डीला काय झालं? हा फुगत का नाही?” ती स्वतःशीच म्हणाली. उठून माझ्या बरणीपाशी आली, वाकली, आणि मी बघत होतो तिकडे बघू लागली. फ्रिलवाला पुन्हा वळला. पुन्हा शेपटी तोंडात. पुन्हा हिसडा. लाल कडेचा पांढरा पापुद्रा तिच्या डोळ्यांसमोर सुटून वर तरंगला आणि शेपटीत आणखी एक साफ, अर्धगोल खाच राहिली.

“दादा,” ती म्हणाली.

“आता काय?”

“दादा, इकडे ये ना.”

तो आला. ओठाला दोऱ्याचा तुकडा अजून चिकटलेला. दोघे शेजारी शेजारी वाकले आणि दोघांचे चेहरे माझ्या काचेत मोठे मोठे झाले. फ्रिलवाला त्यांच्यासमोरून वर गेला, हवेचा घोट घेतला आणि वरच थांबला. इतक्या सहज त्याला वर जाताना मीही पहिल्यांदाच पाहत होतो.

“ह्यानेच?” शिंप्याने विचारले.

“ह्यानेच. दातांनी.” छोटीने काचेवर हात टेकला. “त्याला जड होत होतं रे, आणि मी रोज बघत होते. रोज बघून खूश होत होते. एवढा घेर त्याने कुठे मागितला होता? मीच वाढवत गेले.”

शिंप्याला बोलायची आयती संधी होती. ती त्याने घेतली नाही. तो एवढेच म्हणाला, “मासा गुणी आहे गं. फक्त अंगापेक्षा कपडा मोठा झालाय.”

छोटीने खिशातली किल्ली काढली. तिन्ही कात्र्या आपापल्या खिळ्यांना लावल्या. लहान कात्री लावताना तिचा हात खिळ्यावरच राहिला. शिंपी मशीनवर जाऊन बसला. तो सुईत दोरा ओवत होता, आणि तो त्याला काही केल्या ओवता येत नव्हता. शेवटी तिने चौकटीतले स्टूल उचलले, उजेडात ठेवले आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

“दादा, केस फार वाढलेत.”

त्याने सुई तशीच खाली ठेवली.

“पुठ्ठ्याची कात्री दे,” शिंपी म्हणाला. “कापडाची मिळणार नाही.”

“माहितेय,” ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

फ्रिलवाला प्रदर्शनाला गेला नाही. चष्मेवाल्याने पुष्कळ आग्रह केला, खाचा भरून येतील म्हणाला, पण छोटी बधली नाही. “भरून आल्या तर तो पुन्हा तोडेल,” ती म्हणाली आणि तिने त्याच्या बरणीतले पाणी निम्म्यावर आणले, म्हणजे हवा जवळ यावी. शिंप्याने नवे, उंच पुठ्ठे कापून दिले. ह्या वेळी एकालाही भोक नाही. माझ्यावर संशय आला की काय, मला ठाऊक नाही.

मग एके दिवशी छोटीने मला फ्रिलवाल्याच्या बहिणीच्या भांड्यात सोडले. ह्या वयात एवढा मान? ह्यात काहीतरी डाव आहे, असे मला वाटले. डाव नव्हता. मीही माझ्या बापासारखे बुडबुडे केले, पोरांना तोंडाने उचलून फेसात ठेवले, आणि एक पोरगा माझ्याकडे एक डोळा रोखून बघत होता तेव्हा मला माझा बाप आठवला. पोरांच्या शेपट्या ना फार लांब, ना फार आखूड. शिंपी त्यांना ‘मापातले’ म्हणतो. छोटी आता कुठेही जायचे म्हणत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मासा पाळणार असेल तर त्याच्याकडे त्याला पेलेल एवढीच शेपटी मागा. ज्याला वर येऊन हवा घेता येत नाही त्याच्या रूपाचे कौतुक करू नका. आणि संशय आलाच, तर तो घेऊन तोंड फिरवून बसू नका. काचेजवळ या, वाका, आणि काय होते ते शेवटपर्यंत बघा. मी माझ्या भावाला बापाच्या तोंडात जाताना पाहिले तेव्हा जर डोळे मिटून घेतले असते, तर तो फेसात परत आलेला मला कधी दिसलाच नसता.

आता माझी बरणी पुन्हा खिडकीजवळ आहे. इथून दुकानाची चौकट सरळ दिसते. मी लक्ष ठेवूनच असतो. माझा स्वभाव काही गेलेला नाही. तेव्हा कृपा करून काचेवर टकटक करू नका. समोर शिंपी छोटीचे केस कापतो आहे, कात्री तिच्या कानाजवळ आली आहे आणि तिने डोळे मिटले आहेत.